‘लॅम्प अंटू युवरसेल्फ’ : एका इंग्रजी वाक्प्रयोगाची चिकित्सा

पालीतील बुद्धवचन आपल्या समाजापर्यंत पोहोचले ते बहुतांशी इंग्रजीच्या दारातून. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीला पाली शिकविणारे आचार्य मोजकेच होते. १८८१ साली स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीची भाषांतरे, मॅक्सम्युलरच्या संपादनाखालील ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेतील खंड आणि श्रीलंकेतील विद्वान भिक्खूंनी इंग्रजीत लिहिलेली पुस्तके हेच अभ्यासकांचे साधन होते. स्वतः बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे पालीतून थेट मराठीत येण्याऐवजी कित्येक शब्द इंग्रजीत एक मुक्काम करून मराठीत आले. मुक्कामात शब्दाचा वेष बदलतो. कधी कधी आतला माणूसही बदलतो. तसा बदललेला एक वाक्प्रयोग प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘बी अ लॅम्प अंटू युवरसेल्फ’ हे वाक्य आज इंग्रजी शिकलेल्या आपल्या तरुणांच्या तोंडी आहे. निमंत्रणपत्रिकांवर, स्मरणिकांच्या मुखपृष्ठांवर, वसतिगृहांच्या भिंतींवर ते आढळते. बहुतेक ठिकाणी त्याखाली ‘भगवान बुद्धांचे अंतिम शब्द’ अशी ओळ असते. मराठीत त्याचे ‘स्वयंप्रकाशित व्हा’ किंवा ‘स्वतःच स्वतःचा दीप व्हा’ असे रूप झाले आहे, आणि पाली म्हणून ‘अत्त दीप भव’, ‘अत्त दीपो भव’ व हिंदी भागातून आलेले ‘अप्प दीपो भव’ अशी तीन रूपे फलकांवर नांदत आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या वाक्याचा अर्थ विचारला असता उत्तरे मात्र एकसारखी मिळत नाहीत. कोणी म्हणतो, स्वतःच्या बुद्धीने चाला. कोणी म्हणतो, कोणावर अवलंबून राहू नका. कोणी म्हणतो, आपल्या आत एक ज्योत आहे ती ओळखा. पहिली दोन उत्तरे अपुरी आहेत. तिसरे उत्तर धम्माच्या मुळावर घाव घालणारे आहे, आणि म्हणूनच ही चर्चा केवळ शब्दांच्या कीसाची राहत नाही.

प्रथम मूळ स्थळ पाहू. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात हा प्रसंग येतो. भगवंतांचा शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुव गावी झाला. तेथे ते अत्यंत आजारी पडले आणि त्यातून उठले. आनंदाने आपली चिंता बोलून दाखविली: भिक्खुसंघाविषयी काही सांगितल्याशिवाय तथागत जाणार नाहीत, एवढाच आपल्याला धीर होता. त्यावर भगवंतांनी विचारले की संघ आता माझ्याकडून कशाची अपेक्षा करतो? आत-बाहेर असा भेद न ठेवता मी धम्म सांगितला आहे. तथागताची आचार्यमुष्टी नाही, म्हणजे झाकल्या मुठीत राखून ठेवलेले काहीही नाही. आपले शरीर ऐंशी वर्षांचे झाले असून जुनी गाडी बांधून-आवळून चालवावी तसे ते चालले आहे, असेही त्यांनी सांगितले. या संवादाच्या शेवटी ‘अत्तदीपा’, ‘अत्तसरणा’, ‘अनञ्ञसरणा’ आणि लगेच पुढे ‘धम्मदीपा’, ‘धम्मसरणा’, पुन्हा ‘अनञ्ञसरणा’ ही पदे येतात. क्रियापद आहे ‘विहरथ’. हाच उपदेश दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आणि संयुत्तनिकायातही आढळतो, म्हणजे तो एकाच प्रसंगापुरता नव्हता. अंतिम शब्द तर तो मुळीच नव्हे. अंतिम शब्द कुसिनारा येथे, काही महिन्यांनी, उच्चारले गेले आणि ते संस्कारांच्या व्ययधर्माविषयी व अप्रमादाविषयी आहेत. फलकावरील ‘अंतिम शब्द’ ही ओळ तेवढ्यापुरती तरी पुसावी लागेल.

आता शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘दीप’ म्हणजे दिवा आणि ‘द्वीप’ म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी असलेली भूमी, बेट. पालीत जोडाक्षर सोपे होते आणि दोन्ही शब्दांचे रूप एकच होते: दीप. जम्बुद्वीपाचे पाली रूप जम्बुदीप. सिंहलद्वीपाचा इतिहास सांगणाऱ्या जुन्या ग्रंथाचे नाव दीपवंस. त्याचा अर्थ ‘दिव्यांचा वंश’ असा कोणी करीत नाही. उलट दीपंकर बुद्धांच्या नावातील दीप प्रकाशाचा आहे, आणि आपण वंदनेत जो दीप अर्पण करतो तोही दिवाच आहे. तेव्हा कोणता अर्थ घ्यावा हे शब्दाकडे एकटक पाहून ठरत नाही. शेजारचे शब्द पाहावे लागतात.

शेजारी आहे ‘सरण’. सरण म्हणजे आश्रय, निवारा. पाली वाङ्मयात दीप, ताण, लेण आणि सरण हे शब्द वारंवार एका रांगेत येतात: बेट, रक्षण, लपण्याची जागा, आश्रय. हे सारे संकटात सापडलेल्या माणसाने जेथे पोहोचावे त्या ठिकाणाचे शब्द आहेत. त्या रांगेत दिवा बसत नाही. दिव्याला कोणी शरण जात नाही. धम्मपदाच्या अप्रमादवर्गातील २५ व्या गाथेत शहाण्याने जे दीप करावे असे सांगितले आहे ते ओघाने, म्हणजे पुराने, बुडत नाही असे तेथेच म्हटले आहे. पुरात बुडणे वा न बुडणे हा बेटाचा प्रश्न आहे. दिव्याबाबत विझण्याचा प्रश्न येतो. मलवर्गातील २३६ आणि २३८ या गाथांतही स्वतःसाठी दीप करण्याचा उपदेश आहे आणि तेथेही भाष्यपरंपरा बेटाच्याच बाजूची आहे.

याहून स्पष्ट पुरावा सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात मिळतो, आणि तो आपल्या मातीशी निगडित असल्याने त्यावर थोडे थांबणे योग्य होईल. गोदावरीच्या तीरावर अस्सक देशात बावरी नावाचा आचार्य राहत होता. त्याचे सोळा शिष्य प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, या मार्गाने उत्तरेकडे निघाले आणि भगवंतांना भेटून प्रत्येकाने आपला प्रश्न विचारला, अशी त्या वग्गाच्या प्रास्ताविक गाथांची कथा आहे. प्रास्ताविक गाथा प्रश्नोत्तरांपेक्षा उत्तरकालीन आहेत असे अभ्यासक मानतात. पण प्रश्नोत्तरे स्वतः त्रिपिटकाच्या अतिप्राचीन थरांत मोडतात. त्या सोळांतील कप्प नावाच्या शिष्याने विचारले ते असे: पाण्याच्या मध्यभागी उभे असलेल्यांना, भयंकर ओघ आला असता, जरा आणि मृत्यूने घेरलेल्यांना, दीप कोणते? उत्तरात भगवंतांनी अनासक्ती, अकिंचनता आणि निर्वाण यांना ते दीप म्हटले. गोदावरीकाठच्या माणसाने विचारलेला हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली तेव्हा लोकांनी कंदील शोधला नाही. उंचवटा शोधला.

बुद्धघोषाचार्यांनी दीघनिकायावरील ‘सुमंगलविलासिनी’ या अट्ठकथेत हेच सांगितले आहे: महासमुद्रात सापडलेल्याला जसे दीप, तसे स्वतःला दीप, म्हणजे प्रतिष्ठा, पाय टेकण्याची जागा, करून राहा. थेरवादी परंपरेबाहेरही हाच कौल मिळतो. ‘महावस्तू’त ‘आत्मद्वीपा’ असे रूप आहे. तुर्फान येथे सापडलेल्या हस्तलिखितांवरून अर्न्स्ट वाल्डश्मिट यांनी १९५०–५१ मध्ये संपादित केलेल्या संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रातही ‘द्वीप’च आहे. संस्कृतात दीप आणि द्वीप वेगळे राहत असल्यामुळे तेथे लिहिणाऱ्याला निवड करावी लागते, आणि त्याने बेट निवडले आहे.

दिव्याच्या बाजूने काहीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. इ. स. ४१३ च्या सुमारास चिनी भाषेत झालेल्या दीर्घागमाच्या भाषांतरात प्रज्वलित होण्याचा, जळण्याचा अर्थ घेतलेला दिसतो. याउलट त्याच शतकात गुणभद्राने भाषांतरित केलेल्या संयुक्तागमात बेट आहे. म्हणजे हा घोटाळा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांनी नव्याने निर्माण केला नाही. ज्या प्राकृतातून ते ग्रंथ चीनमध्ये गेले तेथेच शब्द दुहेरी होता. दिव्याचा अर्थ प्राचीन आहे हे मान्य करूनही तो प्रसंगाला धरून नाही हे सांगता येते, आणि तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

इंग्रजीत दिवा आणला तो टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी. १८८१ साली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेचा अकरावा खंड त्यांनी ‘बुद्धिस्ट सुत्तज’ या नावाने प्रसिद्ध केला, आणि त्यात ‘बी यी लॅम्प्स अंटू युवरसेल्व्ह्ज’ असे शब्द आहेत. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच मालेच्या दहाव्या खंडात, मॅक्सम्युलर यांनी धम्मपदाच्या वर उल्लेखिलेल्या गाथांत सरळ ‘आयलंड’ हा शब्द वापरला आहे. एका मालेतील दोन लागोपाठचे खंड एकाच पाली शब्दाचे दोन अर्थ सांगत होते, आणि लोकांच्या तोंडी बसला तो अकरावा खंड.

तोच का बसला? दोन वर्षे आधी, १८७९ साली, एडविन अर्नोल्डचे ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य प्रसिद्ध होऊन गाजले होते, आणि इंग्रजी वाचकाच्या मनात बुद्ध आणि प्रकाश यांची सांगड आधीच पडली होती. शिवाय ‘यी’ आणि ‘अंटू’ हे शब्द १६११ च्या बायबल-भाषांतराच्या भाषेतील आहेत. त्या बायबलातील ११९ व्या स्तोत्रात ईश्वराचे वचन हे पावलांपुढील दिव्यासारखे आहे अशा आशयाची प्रतिमा याच ‘लॅम्प’ आणि ‘अंटू’ या शब्दांत आलेली आहे, आणि चर्चमध्ये जाणाऱ्या इंग्रज वाचकाला ती पाठ होती. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी ती जाणूनबुजून उचलली असा आरोप करण्याचे कारण नाही. धर्मग्रंथाला शोभेल अशी भाषा म्हणून त्या काळी सर्वच भाषांतरकार तिचा आधार घेत. पण वाक्य कानाला ओळखीचे वाटले, आणि ओळखीच्या वाक्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. पाली टेक्स्ट सोसायटीचा ऱ्हिस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांचा कोश १९२१ ते १९२५ या काळात बाहेर पडला. त्यात ‘अत्तदीप’ या पदाचा अर्थ स्वतःवर विसंबून असलेला, स्वतःच्या पायावर उभा, असा दिला आहे. तेथे दिव्याला स्थान नाही. कोश अभ्यासकाच्या टेबलावर राहिला. दिवा भिंतीवर गेला.

पुढे इंग्रजीत दुरुस्ती होत गेली. मॉरिस वॉल्श यांच्या १९८७ च्या दीघनिकायाच्या भाषांतरात ‘आयलंड’ आहे. मात्र ‘अंटू’ तेथेही सुटलेले नाही. भिक्खु बोधी यांनी २००० सालच्या संयुत्तनिकायाच्या भाषांतरात बेट ठेवून वाक्याची रचना आजच्या इंग्रजीच्या जवळ आणली. तरीही येथे एक अडचण उभी राहते, आणि ती इंग्रजीच्या जाणकाराने सहसा बोलून दाखविलेली नसते. अचूक शब्द स्वाभाविक असतोच असे नाही. १६२४ साली जॉन डन या कवी-धर्मोपदेशकाने एका गद्य चिंतनात कोणीही मनुष्य बेटासारखा एकटा नसतो असा विचार मांडला, आणि तेव्हापासून इंग्रजीत माणसाला बेट म्हणणे म्हणजे तो इतरांपासून तुटलेला आहे असे म्हणणे झाले. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलीला ‘स्वतःचे आयलंड हो’ असे सांगितले तर ती एकलकोंडेपणाचा उपदेश समजेल. पालीतील बेट पाण्यापासून सुटका देते. इंग्रजीतील बेट माणसांपासून दूर नेते. दिवा चुकीचा पण गोड. बेट बरोबर पण कडू, अशी ही पंचाईत आहे.

मराठीत ही पंचाईत तेवढी नाही. आपल्याकडे बेट म्हटले की एकाकीपणा आठवत नाही. बांबूचे बेटसुद्धा दाट आणि एकत्र असते. पण ‘स्वतःचे बेट व्हा’ हे मराठी कानाला विचित्र लागते हेही खरे. आपल्या भाषेत ‘थारा’ हा शब्द आहे. पुरात, वाऱ्यात, गर्दीत जेथे पाय ठरतो तो थारा. बुद्धघोषांचा ‘पतिट्ठा’ हा शब्द मराठीत आणावयाचा झाल्यास याहून जवळचा शब्द सापडणे कठीण. ‘आधार’ही चालेल, मात्र आधार दुसऱ्याचा घेता येतो, थारा आपल्यालाच धरावा लागतो.

आता ‘अंटू युवरसेल्फ’ या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहू, कारण खरी हानी तेथे झाली आहे. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे ‘यी’ आणि ‘युवरसेल्व्ह्ज’ हे दोन्ही अनेकवचनी आहेत. मूळ पालीत संबोधन एकट्या आनंदाला आहे आणि क्रियापद ‘विहरथ’ अनेकवचनी आहे. बोलणे आनंदाशी, पण उपदेश संघाला, हे त्या एका वचनभेदातून स्पष्ट होते. आधुनिक इंग्रजीत ‘यू’ या सर्वनामाचे एकवचन आणि अनेकवचन एकच झाले, ‘यी’ कालबाह्य झाले, आणि कोणीतरी ‘लॅम्प्स’चे ‘अ लॅम्प’ केले. संघाला उद्देशून केलेला उपदेश एकट्या व्यक्तीला उद्देशून झाला. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांना तो याच रूपात हवा होता. पालीचा आभास देणारे ‘भव’ हेही एकवचनी आहे. ते इंग्रजीच्या या एकवचनी रूपावरून उलटे घडविलेले असावे असे वाटण्यास जागा आहे, कारण या स्थळी त्रिपिटकात ‘भव’ नाही. ज्या वास्तूच्या भिंतीवर ही ओळ असते तिला आपण विहार म्हणतो. ‘विहार’ हा शब्द ‘विहरति’ या क्रियापदापासूनच आलेला आहे. विहाराच्या भिंतीवरून नेमके ‘विहरथ’ गळावे, हा योगायोग बोलका आहे.

पाली रूपांविषयी येथेच सांगून टाकतो. ‘अत्त दीप भव’ असे तीन शब्द सुटे लिहिले तर ‘अत्त’ला विभक्ती नाही आणि ‘दीप’ हे संबोधन ठरते: ‘हे दिव्या, हो’ असा काहीसा अर्थ निघेल. ‘अत्तदीपो भव’ असे जोडून लिहिल्यास व्याकरण जुळते. समास बहुव्रीही आहे, ‘ज्याचा थारा तो स्वतः आहे असा हो’. ते वचन त्रिपिटकातील नव्हे एवढे लक्षात ठेवून कोणी वापरले तर भांडण करू नये. ‘अप्प दीपो भव’ला मात्र पाली म्हणता येत नाही. आत्मन् शब्दाचे ‘अप्प’ हे रूप इतर प्राकृतांत होते, आणि आपल्या मराठीतील ‘आपण’ त्याच घराण्यातले आहे. पालीत ‘अप्प’ म्हणजे अल्प. तेव्हा त्या फलकाचा पालीत अर्थ लावणाऱ्याला ‘छोटा दिवा हो’ असे वाचावे लागेल.

व्याकरणाची चूक दुरुस्त करता येते. अर्थाची चूक मनात रुजते. ‘अत्तदीप’चे ‘आत्मदीप’, आणि ‘आत्मदीप’चे ‘अंतरात्म्याची ज्योत’ होण्यास फार वेळ लागत नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक याज्ञवल्क्याला विचारतो की पुरुषाला प्रकाश कशाचा? सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, वाणीही थांबली, तर शेवटी उरते ती आत्मज्योती, असे उत्तर तेथे मिळते. ज्या समाजाच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या ही परिभाषा पडत आली, त्याने ‘स्वयंप्रकाशित व्हा’ वाचले की तो बुद्धांना याज्ञवल्क्याच्या शेजारी नेऊन बसवितो. हे केवळ अडाण्यांकडून होत नाही. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या विदुषी पत्नी कॅरोलिन ऱ्हिस डेव्हिड्स यांनी उत्तरायुष्यात मूळ बुद्धोपदेशात आत्म्याचा स्वीकार होता असे आग्रहाने मांडले, आणि आनंद कुमारस्वामी यांचाही कल तोच होता. वालपोल राहुल यांनी १९५९ च्या ‘व्हॉट द बुद्धा टॉट’ या पुस्तकातील अनात्मविषयक प्रकरणात या ओढाताणीचा समाचार घेतला आहे, आणि तेथे त्यांना नेमका हाच शब्द हाताळावा लागला: या स्थळी दीप म्हणजे दिवा नसून बेट आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. ते उगाच नव्हे.

बाबासाहेबांच्या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अधम्माच्या यादीत स्थान आहे. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या नातवंडांनी विहाराच्या भिंतीवर उपनिषदातील ज्योत बुद्धांच्या नावाने रंगवावी, याला भाषांतराची किरकोळ चूक म्हणून सोडून देता येणार नाही. येथे ‘अत्त’ म्हणजे आत्मतत्त्व नव्हे. ते साधे निजवाचक सर्वनाम आहे, मराठीतील ‘स्वतः’ किंवा ‘आपण’ यासारखे. ‘आपण स्वयंपाक केला’ या वाक्यात जसा वेदान्त नाही, तसा तो ‘अत्तसरण’ यातही नाही.

याचा पुरावा सुत्तात लगेच पुढे आहे. भिक्खू अत्तदीप होऊन कसा राहतो, असा प्रश्न भगवंतांनी स्वतःच उपस्थित केला आणि उत्तर म्हणून चार सतिपट्ठाने सांगितली: काया, वेदना, चित्त आणि धम्म यांविषयी उद्योगी, सावध आणि स्मृतिमान राहणे. आत कुठे ज्योत तेवत आहे असे तेथे नाही; रोजचा अभ्यास आहे. ज्या इंग्रजी पुस्तकांत ‘लॅम्प’चे वाक्य चौकटीत छापलेले असते, त्यांत ही पुढची ओळ सहसा चौकटीबाहेर राहते.

आणि चौकटीबाहेर आणखी एक गोष्ट राहते, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. मूळ वचनाचे दोन पाय आहेत: अत्तदीप आणि धम्मदीप. ‘अनञ्ञसरण’ हे पद दोन्हींना जोडलेले आहे. स्वतःशिवाय दुसरा आश्रय नाही आणि धम्माशिवाय दुसरा आश्रय नाही, ही दोन विधाने एका श्वासात केलेली आहेत, कारण ती एकमेकांना अर्थ देतात. धम्म सोडून ‘स्वतः’ उरला तर ज्याला जे वाटेल ते खरे ठरते. ‘स्वतः’ सोडून धम्म उरला तर तो पोथी होतो, आणि पोथीला पुजारी लागतो. आनंदाची चिंता उत्तराधिकाऱ्याची होती हे विसरता कामा नये. बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर भर दिला: भगवंतांनी आपल्या जागी कोणाला नेमले नाही, धम्मच धम्माचा उत्तराधिकारी. पुढारी गेला की दुसरा पुढारी शोधणाऱ्या, तो मिळाला नाही की गटागटांत फुटणाऱ्या चळवळीला बेलुव गावातील हा संवाद संपूर्ण ऐकणे आवश्यक आहे. अर्धा ऐकला तर प्रत्येक गट स्वतःला दिवा म्हणवून घेतो.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या इंग्रजी शब्दांवरही असे प्रसंग आले आहेत. ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ या तीन शब्दांचा क्रम आणि त्यांतील मधल्या शब्दाचा अर्थ मराठीत येताना कसा बदलला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच की इंग्रजी वाक्य ‘सर्वांना ठाऊक आहे’ या कारणाने तपासणीतून सुटता कामा नये. बाबासाहेब स्वतः पालीच्या कोशाच्या आणि व्याकरणाच्या कामात गुंतले होते. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. इंग्रजीवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते, तरी मूळ शब्दापर्यंत जाण्याची गरज त्यांना वाटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाली आणि मराठी या दोन्ही भाषांना केंद्र सरकारने एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. या दर्जाचा उपयोग अशा ठिकाणी व्हावा: पालीचा विद्यार्थी इंग्रजीच्या वळणाने न जाता मराठीत थेट उतरावा.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी काय लिहावे? संशोधनपर लेखनात ‘आयलंड’ आणि ‘रेफ्यूज’ हे शब्द ठेवावेत, अनेकवचन स्पष्ट करावे, धम्माचा अर्धा भाग कधीही गाळू नये आणि स्थळ म्हणून महापरिनिब्बान सुत्ताचा निर्देश करावा. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे शब्द उद्धृत करावयाचे असतील तर ते त्यांच्या नावाने करावेत, बुद्धांच्या नावाने नव्हे. ‘यी’ आणि ‘युवरसेल्व्ह्ज’ मोडून एकवचन करू नये. सर्वसाधारण लेखनात, भाषणात, शाळेतल्या मुलांसमोर, प्रतिमा सोडून सरळ अर्थ सांगितलेला बरा: स्वतःवर विसंबा, धम्मावर विसंबा, आणखी कोणावर नाही. ‘रिलाय’ हे साधे इंग्रजी क्रियापद त्याला पुरते, आणि ‘अंटू’ची त्यात गरज पडत नाही. दिव्याचे चित्र ज्यांना प्रिय आहे त्यांनी ते काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. पौर्णिमेला विहारात दिवे लागतातच, आणि पाली वंदनेतही अंधार दूर करणारा दीप आहे. त्या दिव्याखाली ही ओळ लिहू नये, इतकेच.

नवा फलक रंगवावयाचा असेल तर ‘अत्तदीपा विहरथ’ हे दोन शब्द आणि त्याखाली ‘धम्मदीपा विहरथ’ हे दोन शब्द लिहावेत. चार शब्दांना जागा होते. जागा अगदीच अपुरी असल्यास कोणता भाग गाळावा असे विचारणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे उत्तर आहे की अक्षरे लहान करावीत.